काशिरामकाकांचा हात

"ताई, मशीनला हात नका लावू. हलवायची असंल तर मला हाक मारा," चहाला खाली जाताना काशिरामकाका म्हणाले, तेव्हा आभाने नुसती मान हलवली. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये कपाटाची दारं करायला काका आठवडाभर येत होते. त्यांची कटर मशीन चौदा वर्षांची, मुठीचा रंग पार उडालेला. पण काप असा सरळ, की आभाचा नवरा सत्यजीत शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा.

काका जिना उतरले आणि आभाची दहा महिन्यांची लेक रांगत थेट मशीनकडे निघाली. प्लग काढलेला होता, तरी आभा धावली. तिने एका हाताने लेकीला उचललं, दुसऱ्या हाताने मशीन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला गेली, आणि ती निसटून फरशीवर आदळली. भुसा झटकून आभाने ती होती तिथे ठेवून दिली. कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी पहिलं दार बसवलं, तर वर बोट जाईल एवढी फट. काकांनी काटकोन तपासायचा गुण्या लावला, पुसून पुन्हा लावला. दुसरा तुकडा कापला, तोही तिरका.

"मशीन पडली नव्हती ना, ताई?"

"छे हो! कोण पाडणार?" आणि गप्प बसवेना म्हणून वर, "काका, वय होतंच की माणसाचं."

काका ओशाळं हसले. "बायको बोलतेच, कप हलतो हातात. मी तिलाच वेड्यात काढायचो." उजवा पंजा उघडून ते बघत राहिले, परक्याचा असावा तसा. "मशीन राहू द्या हितंच. मला आता कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून काका आलेच नाहीत, त्यांचा फोनही बंद झाला. मग राहिलेल्या कामाला दयाराम हा दुसरा सुतार आला. त्याने मशीन उलटी केली. "ही जोरात पडलीय, वहिनी. खालचा पत्रा केसभर वाकलाय. यावर कुणाचाच काप सरळ येणार नाही." पाव तासात त्याने पत्रा सरळ केला. दारं चपखल बसली.

"मग म्हातारा स्वतःला का दोष देत होता?" सत्यजीतने विचारलं. आभा लेकीचं स्वच्छ नाक पुसत राहिली.

दोनदा ती मशीन घेऊन रिक्षाने काकांच्या बेलपाड्यापर्यंत गेली, आळीच्या तोंडावरून परतली. दुसऱ्या वेळी टपरीवाला म्हणाला, "काशिराम? त्याने काम सोडला. हत्यारं वाटून टाकली. नुसता बसून असतो." तरीही तिचं पाऊल पुढे पडलं नाही.

आता तिकडे जाणारं कुणी भेटलं की आभा गळ घालते, तशी तुम्हालाही घालते आहे: "देवळामागचं निळ्या दाराचं घर. त्यांना सांगा, हात चांगला आहे तुमचा, मशीन आभाने पाडली. आणि जेवतात-खातात ना, कसे आहेत, तेवढं बघून याल?"