यादीत नसलेलं दार

"ज्या दिवशी माझी टोपली खाली आलेली दिसणार नाही, त्या दिवशी सरळ वर यायचं. फोनबिन करत बसायचं नाही," असं डोना तितीनांनी इम्माला एकदा बजावलं होतं आणि इम्माने ते हसण्यावारी नेलं होतं. टोपलीत पाव ठेवून, मान मागे टाकून ती ओरडली होती, "तुम्हाला काय होतंय? तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल!"

"तुला पोचवायला मी काही यायची नाही हो, माझे गुडघे गेलेत," असं चौथ्या मजल्यावरून उत्तर आलं होतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. तेव्हा इम्माची लेक लिबेरा जन्मायची होती.

इमारतीला लिफ्ट नाही. शहाऐंशी वर्षांच्या डोना तितीना शेवटच्या खाली उतरल्या त्या नवऱ्याच्या मयताला. तेव्हापासून रोज सकाळी आठला त्यांच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, पाव आणि दूध घेऊन वर जायची, आणि पुन्हा खाली येताना लिबेरासाठी एखादं लिंबू नाहीतर खारं कडबोळं घेऊन यायची, मग दिवसभर गॅलरीखाली लोंबत राहायची. समोरच्या कुंडीतलं फूल दिसावं तशी ती टोपली सगळ्या गल्लीला दिसायची. म्हणजे कुणालाच दिसायची नाही.

इम्मा दोन स्टेशनं पलीकडे, दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियमच्या अवशेषांत वाटाड्याचं काम करायची. पाच वर्षं पुरातत्त्व शिकली, आणि आता रोज तीन वेळा परक्या लोकांना समुद्रकाठच्या त्या कमानींपर्यंत न्यायची. जुन्या काळी तिथे होड्या ठेवत. आता तिथे सांगाडे आहेत, तीनशेच्या आसपास. गुडघे पोटाशी घेतलेले, एकमेकांना बिलगलेले, पोरं मध्ये. कुणाच्या मुठीत घराची किल्ली.

"पण हे लोक पळाले का नाहीत?" रोज कुणीतरी विचारायचंच. बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात आइस्क्रीम असायचं.

आणि रोज इम्माच्या कपाळाची शीर उठायची. पळाले का नाहीत! दुपारी डोंगर फुटला. पलीकडे पॉम्पेईवर दगडांचा पाऊस पडून छपरं खाली आली, पण इथे मध्यरात्र उलटेपर्यंत वेळ होता. ज्यांच्याकडे घोडे आणि गाड्या होत्या ते गेले. उरले ते किनाऱ्यावर येऊन बसले. होड्या येतील, बसून राहा, असं कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. मग वरून तापलेल्या वायूची आणि राखेची लाट आली आणि बसलेले बसल्या जागी संपले. वर गावात एका सभागृहाच्या मागच्या खोलीत रखवालदार त्याच्या खाटेवर पालथा सापडला. सगळं गाव किनाऱ्याकडे गेलं तरी तो खाटेवरच. त्याचं दार कुणीच वाजवलं नसेल?

पण हे ती बोलायची नाही. "होड्यांची वाट पाहत होते," एवढंच म्हणायची. तिकिटखिडकी कुठे आहे हे सांगावं त्या आवाजात.

घरी मात्र ती त्याच डोंगराकडे पाठ करून झोपायची नाही. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. लिबेरा झाल्यापासून दाराशी एक पिशवी भरलेली असायची: दुधाची पावडर, तापाचं औषध, लोकरीची टोपी, पोरीचे कागद. शेजारणी हसायच्या. "इम्मा, डोंगर उठायच्या आधी तूच उठून बसतेस गं!"

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गावाने सराव ठेवला. डोंगर जागा झाला तर गाव रिकामं कसं करायचं, त्याचा. नऊला भोंगा, मग बसगाड्या, मग सगळ्यांनी खालच्या फुटबॉलच्या मैदानावर. आठवडाभर आधी घरोघरी पत्रकं टाकली होती.

त्या दिवशी आठ वाजता टोपली खाली आली नाही.

इम्माने ते पाहिलं. पाहिलं नव्हतं असं तिला पुढे कधीच म्हणता आलं नाही. ती गॅलरीत उभी राहून पिशवी तिसऱ्यांदा तपासत होती. आज सराव आहे, म्हणून नसेल सोडली, तिच्या मनात आलं. आणि जिना न उतरणाऱ्यांना न्यायला माणसं येणारच आहेत की. मग भोंगा झाला, लिबेराने भोकाड पसरलं, आणि टोपली डोक्यातून गेली.

मैदानावर जत्रा होती. कॉफी, गोड पाव, फोटो. इमारतीचा कारभार पाहणारे सिन्योर पर्रेल्ला नारिंगी जाकीट घालून यादीवर बोट फिरवत होते. ते स्वतः पहिल्या मजल्यावर राहायचे.

"एकतीसपैकी एकतीस!" त्यांनी हात वर केला. "गावात आपली इमारत पहिली!"

टाळ्या पडल्या. इम्माच्याही हातांनी एक टाळी वाजवली आणि दुसरी वाजवायच्या आत ते थांबले.

"डोना तितीना कुठे आहेत?"

"कोण?"

"कोण म्हणजे? चौथा मजला, उजवीकडचं दार."

पर्रेल्लांनी यादी उलटून पाहिली. "ती जागा रिकामी आहे, इम्मा."

"रिकामी? काल त्यांनी मला टोपलीतून लिंबं पाठवली!"

"कागदावर रिकामी आहे. डोना तितीना आपल्या मुलाच्या समुद्रकाठच्या घरी राहतात, अशी नोंद आहे. ते घर राहतं दाखवलं की मुलाला त्यावर कर लागत नाही ना. सगळेच करतात."

"दर रविवारी त्यांच्या रश्श्याचा वास तुमच्या नाकात जातो, सिन्योर पर्रेल्ला. गेल्या रविवारी तुम्हीच म्हणालात, म्हातारीने आज तुळस जास्त घातली."

"वास यादीत लिहिता येत नाही, बाई."

दोनचार जण हसले. इम्माने आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरची, तिसऱ्या मजल्यावरचा, सगळ्यांनी वर्षानुवर्षं त्या टोपलीखालून ये-जा केली होती. एकाच्याही चेहऱ्यावर काही चुकल्याची खूण नव्हती. यादी पुरी होती ना. मग झालं.

बसगाड्या भाषणं संपल्याशिवाय सुटणार नव्हत्या, आणि भाषणं जेवणानंतर होती. पोरीची ढकलगाडी पुढे लोटत इम्मा चढावाने पायी निघाली. रस्ते सरावासाठी बंद, कोपऱ्याकोपऱ्यावर शिट्टी घेतलेला कुणीतरी. "बाई, उलट्या दिशेने चाललात!" एकाने तर तिला आडवं होऊन सांगितलं की सराव बिघडतोय. "मग बिघडू दे," ती म्हणाली, आणि ढकलगाडी त्याच्या बुटावरून गेली.

ढकलगाडी जिन्याखाली टाकून, लिबेराला काखेत मारून ती चार मजले चढली. दार वाजवायला हात उचलला तर ते नुसतं लोटलेलं होतं.

दाराला लागूनच खुर्ची मांडून डोना तितीना बसल्या होत्या. अंगात काळा कोट, वरपर्यंत बटणं लावलेला. पायात बाहेरचे बूट. केस विंचरून रुमाल बांधलेला. मांडीवर टोपली, तिची दोरी नीट गुंडाळून आत ठेवलेली. टोपलीत गोळ्यांची डबी, नवऱ्याचा फोटो, चष्म्याचं घर आणि वरती दोन लिंबं. हातात पत्रक. 'ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांनी दाराशी तयार बसावं. कार्यकर्ते न्यायला येतील.'

"आलीस होय," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा पडला होता. "किती वाजले गं?"

"दोन."

"गर्दी असेल बिचाऱ्यांना. मी आठपासून बसलेय. आवरायला वेळ लागतो ना मला. पाणीसुद्धा प्यायले नाही, म्हटलं बसमध्ये लघवीला कुठे जागा शोधत बसायची?"

इम्माने पोरीला खाली ठेवलं आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. नळाखाली पेला धरला. गुडघे जुळवलेले, मांडीवर सामान, मुठीत कागद. सहा वर्षं ती हेच चित्र लोकांना दाखवत होती. होड्यांची वाट पाहत होते म्हणे! कुणी सांगितलं होतं त्यांना वाट पाहायला? सांगणारा कुठे होता त्या रात्री? त्याचं हाड त्या कमानीत का नाही?

"माझी टोपली नव्हती, तरी तू आली नाहीस," पाणी पिऊन डोना तितीना म्हणाल्या. रागाने नाही. पावाचा भाव वाढला म्हणावं तसं.

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. तेव्हा तुला पोर नव्हतं, म्हणून मी तुला सांगितलं होतं. आता नाही सांगणार. खरा भोंगा झाला तर तू हिला उचल आणि चालू लाग. वर बघूसुद्धा नकोस. मी वरून टोपली फेकून मारीन, वर आलीस तर."

इम्माला हसू आलं नाही. कारण ते खरं होतं. एका काखेत पोर, एका हातात पिशवी. तिसरा हात कुठून आणणार?

तिने तिथूनच डोना तितीनांच्या मुलाला फोन लावला.

"अहो, सराव होता तो," आर्तुरो म्हणाला. मागे ताटल्यांचा आवाज येत होता. "खरं काही झालं असतं तर वेगळी गोष्ट."

"काय वेगळी? तुम्ही आला असता?"

"हे बघा, कागद बदलायचे म्हणजे सगळं नव्याने करावं लागतं. जानेवारीत बघू."

"डोंगराला सांगते मी तसं. जानेवारीपर्यंत थांब म्हणून."

"पोराशी भांडू नको गं," डोना तितीना मागून पुटपुटल्या. "त्याला कामं असतात."

सोमवारी ती गावाच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या बाईने शांतपणे सांगितलं: राहण्याचा पत्ता बदला, मुलाची सही आणा, मग पंचेचाळीस दिवस.

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत त्या तिथे राहत नाहीत."

"मग त्या खोकतात ते कुठे? रात्री त्यांच्या खुर्चीचे पाय माझ्या डोक्यावर घासतात ते कुणाचे?"

"पुढचा नंबर," बाई म्हणाली.

इम्मा घरी आली. दुपारच्या फेरीला गेली नाही. लिबेराच्या रंगांतला जाड काळा खडू घेतला आणि लिहायला बसली. इमारतीच्या मुख्य दारावर पर्रेल्लांनी छापील यादी लावली होती, एकतीस नावांची, खाली गावाचा शिक्का. तिने आपला कागद शिक्क्याला चिकटवूनच लावला. संध्याकाळी पर्रेल्लांनी तो काढला. तिने दुसरा लावला. "शोभा जाते दाराची," ते म्हणाले. "जाऊ दे," ती म्हणाली. तिसरा त्यांनी राहू दिला. चौथ्याची वेळ आली नाही.

कागदावर लिहिलं होतं:

'वरची यादी पुरी नाही. चौथ्या मजल्यावर, उजवीकडच्या दारामागे डोना तितीना राहतात. गुडघे गेलेत, कान चांगले आहेत. भोंगा झाला की त्या कोट घालून दाराशी बसतात आणि कुणीतरी येईल म्हणून पाणी पीत नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावरची इम्मा. माझ्या काखेत पोर असेल, म्हणून मी वर जाईनच असं मी शपथेवर सांगू शकत नाही. हे लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते. तुम्ही टपालवाले असाल, गॅस दुरुस्त करायला आला असाल, कुणाचे पाहुणे असाल, पत्ता चुकून इथे उभे असाल, तरी चालेल. तुमचे हात मोकळे आहेत. मान वर करा, गॅलरीतून टोपली लोंबतेय का बघा. नसेल तर भोंग्याची वाट पाहू नका. चार मजले आहेत. वर जा आणि दार वाजवा.'