लिचची वाट

आजोबांची शवपेटी वाटेत जमिनीला टेकली की संपलं. मेलेला माणूस मग घराकडे परत येतो, असं आमच्या यॉर्कशायरच्या खोऱ्यात सगळेच मानतात. टेकवायची ती फक्त सपाट दगडावर. दगड समोर दिसत होता, पण फाटकाच्या पलीकडे. आणि फाटकाला साखळी.

पेटीला खांदा देणाऱ्यांत पुढे असलेल्या सेथमामाचा पाय लटपटत होता. "थर्झा, काहीतरी कर गं. माझा खांदा गेला."

पेल्हम कुत्रं घेऊन आतून आला. फाटकापलीकडचं शेत त्यानं नुकतंच घेतलेलं.

"सडकेनं न्या. मढं एकदा शेतातून गेलं की ती वाट कायमची गावाची होते. पबमध्ये सगळे सांगतात."

कायद्यात असलं काही नाही. पण आमच्याकडे शेंबडं पोरही हेच सांगतं.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या पाटीवर काय रंगवलंय? लिच एकर. लिच म्हणजे काय?"

"जुनं नाव आहे. छान वाटलं."

"लिच म्हणजे मढं. आजोबांनी सांगितलंय. पार आधी नुसतं अंग, जितं नाहीतर मेलेलं. पुढे जित्यांना दुसरे शब्द मिळाले, हा मेलेल्यांना उरला. आता त्यांनाही कोणी म्हणत नाही. चर्चच्या फाटकाला लिचगेट म्हणतात, तिथे चिकटलाय आणि तुमच्या पाटीला. ही मढ्यांचीच वाट आहे."

पेल्हमचा चेहरा उतरला. "मग तर मुळीच उघडणार नाही."

"शाबास," मामा धापा टाकत म्हणाला. "आता कुत्र्यालाही चार शिव्या घाल."

पेटी कलली. मी खांदा घातला. केवढं जड. अंग, आजोबांचं.

मग आठवलं, हेही आजोबांनीच सांगितलेलं. पूर्वी मढं नेणारे शेताच्या मालकाला टाचणी द्यायचे. त्यानं ती घेतली की वाट त्याच्या मर्जीनं दिली, गावाचा हक्क लागत नाही. मी तेव्हा आजोबांवरच भडकले होते, आपल्याच वाटेसाठी हात पसरायचे?

बाहीवरच्या काळ्या फितीची टाचणी मी दातांनी ओढली.

"पेल्हमसाहेब," जीभ वळेना, "आजच्यापुरती वाट द्या. ही घेतली की वाट तुमचीच राहते."

त्यानं मामाकडे पाहिलं. "खरं?"

"खरं रे बाबा. घे."

त्यानं घेतली. पहिली किल्ली लागेना. मामाचा गुडघा वाकला. दुसरी लागली.

पेटी दगडावर टेकली, पाय चर्चकडे, घराकडे नाही. पेल्हम टोपी काढून, टाचणी चिमटीत धरून उभा.

"हिचं काय करू?"

"जपून ठेव," मामा खांदा चोळत म्हणाला. "पुढच्या खेपेला पेटीत मी असेन."