माफीची पेटी

माफी मागायला जाताना मिठाई आपल्या गावची न्यायची असते. ज्याच्याकडे जायचं त्याच्या गल्लीतून घेतली, तर ऐनवेळी आठवण झाली असाच त्याचा अर्थ होतो. साबाएच्या आमच्या चष्म्याच्या कारखान्यात नव्या लोकांना हे मीच शिकवतो. एकदा तर एकाला एवढ्यासाठी सगळ्यांसमोर झापलं होतं.

आणि फेब्रुवारीच्या त्या बुधवारी ओसाकात तेन्मा स्टेशनवर उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझा उजवा हात रिकामा आहे.

पेटी गाडीत वरच्या फळीवर राहिली होती. जांभळ्या कापडात बांधलेली, आमच्या गावच्या मोचीची, तांदळाच्या मऊ मिठाईची पेटी. ती मी घेतलेली नव्हती. कासाशिमासान सकाळी साडेसहाला, बर्फातून, साबाए स्टेशनवर घेऊन आले होते. आदल्या दिवशी दुकानासमोर रांगेत उभं राहून घेतली, म्हणाले. कापड त्यांच्या बायकोचं होतं.

"मला काही तिथं नेणार नाहीत," ते म्हणाले होते. "निदान माझ्याकडनं हे द्या."

कासाशिमासान सदुसष्ट वर्षांचे. चष्म्याच्या काडीला बिजागरी झाळून जोडायचं काम त्यांनी एक्केचाळीस वर्षं केलं. या हिवाळ्यात त्यांच्या हातून गेलेल्या बाराशे चष्म्यांच्या बिजागऱ्या महिन्याभरात निखळल्या. ओसाकाच्या ज्या कंपनीच्या दुकानांत ते विकले जातात, तिनं सगळा माल परत पाठवला. आमच्या मालकांनी अहवाल लिहायला सांगितला. तो मी लिहिला. 'जोडकाम करणाऱ्या कामगाराचा हलगर्जीपणा,' असं त्यात लिहिलं, आणि मार्चअखेर कासाशिमासाननी घरी बसायचं ठरलं.

आता खरं सांगतो. जोडायची तार त्या आठवड्यात नवीन आली होती. कासाशिमासान माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "ही तार नीट वितळत नाहीये, एकदा बघता का?" मी म्हटलं, बघतो. बघितलं नाही. प्रत्येक खेपेतले पाच चष्मे यंत्रावर चढवून हजारो वेळा उघडझाप करून बघायचे, हे माझं काम. त्या दिवशी बर्फ वाढत होतं, मला लवकर निघायचं होतं. मी यंत्र सुरूच केलं नाही आणि कागदावर शिक्का मारला. हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही.

तेन्माचा स्टेशनमास्तर तरुण होता. त्याचा चष्मा डावीकडे दोन मिलिमीटर खाली आला होता. मला माणसं अशीच दिसतात, आधी चष्मा, मग माणूस.

"ही गाडी गोल फिरते साहेब," तो म्हणाला. "चाळीस मिनिटांत पुन्हा इथंच येईल. कितवा डबा?"

"शेवटून दुसरा."

चाळीस मिनिटं मी फलाटावर उभा राहिलो. गाडी आली. फळीवर कोणाची तरी छत्री होती, पेटी नव्हती.

"कोणीतरी उचलून स्टेशनवर दिली असेल. संध्याकाळपर्यंत कळतं," तो म्हणाला. "तुमचा फोन नंबर देऊन ठेवा."

"राहू द्या," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा राहू द्या म्हणालो. मला घाई आहे असं मी स्वतःला सांगितलं. घाई कसली, भेट तीन वाजता होती. खरं म्हणजे पेटी गेली याचं मला बरं वाटलं होतं. ती पेटी समोर ठेवून तो अहवाल वाचणं मला सकाळपासून जड जात होतं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण हलकं वाटणं त्याहून जास्त होतं.

तेन्माचा बाजार वरून झाकलेला आहे आणि सरळ दक्षिणेला जात राहतो. कचेरी पाच स्टेशनं पुढे होती, वेळ काढायलाच मी आधी उतरलो होतो. मी त्यात शिरलो. कामानिमित्त ओसाकाला मी वीस वर्षं येतोय, पण स्टेशन, कचेरी, स्टेशन यापलीकडे शहर पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं, तेही दुकानांच्या पाट्या वाचत, चोरासारखं. तळलेल्या ऑक्टोपसचा वास, चाकूला धार लावणारा, अर्ध्या किमतीत कोट विकणारा, सायकलवरून घंटी वाजवत माणसांतून वाट काढणाऱ्या बायका. सगळे मोठ्यानं बोलत होते. आमच्याकडे एवढ्या मोठ्यानं कोणी भांडतही नाही. हे सगळे लोक आपापलं काम नीट करत असतील, असा एक विचार डोक्यात आला आणि जाईना.

एका जुन्या मिठाईच्या दुकानापाशी थांबलो. गल्ल्यावर सत्तरीची बाई. केस जांभळे रंगवलेले, चष्म्याला साखळी.

"या दादा," ती म्हणाली. "कोणाला द्यायचंय? चेहऱ्यावरनं तर माफी मागायला निघालेले दिसताय."

मी मांडलेल्या पेट्या बघू लागलो.

"म्हणजे बरोबर ओळखलं मी. बायकोची की गिऱ्हाइकाची?"

"गिऱ्हाइकाची."

"मग सोपंय. बायकोला मिठाईनं काही होत नाही." तिनं योकानची एक पेटी काढून माझ्या हातात ठेवली. घट्ट लाल चवळीच्या गोड वड्या, विटेएवढ्या वजनाच्या. "हे न्या. माफीला जड वस्तू न्यावी."

"वरचा कागद साधा मिळेल का? दुकानाचं नाव नसलेला?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाहेरगावचे ना तुम्ही?"

"हो."

"गावाकडची म्हणून देणार?"

मी मान खाली घातली. ती हसली नाही. पांढरा कागद काढला, कोपरे चापून चोपून दुमडले. तिची घडी इतकी सरळ होती की मला त्यात खोट सापडेना.

"कागद मी बदलून देते दादा," पेटी देताना ती म्हणाली. "पुढचं तुमचं तुम्ही बघा."

तिथून पुढे चालतच गेलो. नदी ओलांडली. किल्ल्याच्या बागेत उमेच्या झाडांना गुलाबी-पांढऱ्या फुलांचा बहर होता, माणसं झाडांखाली उभी राहून फोटो काढत होती. एका म्हाताऱ्यानं मला त्याचा आणि बायकोचा फोटो काढायला सांगितलं. काढला. त्याच्या चष्म्याची बिजागरी कासाशिमासानच्या हातची असावी असं वाटलं. जोडाच्या कडेला तो एक बारीक उतार असतो, दुसरं कोणी तसा ठेवत नाही. खरंच तो होता की मला भास झाला, देव जाणे. मी पटकन तिथून निघालो.

तामात्सुकुरीला त्या कंपनीच्या कचेरीत पोचलो तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. खरेदी बघणाऱ्या मिझोबाता बाई साठीच्या, बोलायला मऊ. मी कमरेत वाकून बराच वेळ तसाच राहिलो, मग दोन्ही हातांनी पेटी पुढे केली.

"एवढ्या लांबून आणलीत," त्या म्हणाल्या. "त्रास दिला तुम्हाला."

मी अहवाल वाचला. माझा आवाज अजिबात कापला नाही, याचंच मला नवल वाटलं.

"हे गृहस्थ किती वर्षं काम करतायत?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच?"

"वय झालंय," मी म्हणालो.

"आणि तपासणी?"

"तपासणीत ते आढळलं नाही."

शब्दांनी बघितलं तर हे खोटंही नव्हतं. मिझोबाता बाई म्हणाल्या, "ठीक आहे. तो माणूस आता या कामावर नसणार, एवढं तुम्ही सांगताय, तर वसंतातला माल तुमच्याकडूनच घेऊ." मी पुन्हा वाकलो. अर्ध्या तासात सगळं आटपलं. कारखाना वाचला होता.

खाली रस्त्यावर आलो तोच फोन वाजला. कासाशिमासान.

"तोकुनागासान, बोलायला वेळ आहे ना? टेनोजी स्टेशनवरनं मला फोन आला होता. पेटी त्यांच्याकडे आहे म्हणाले."

"तुम्हाला कसा फोन आला?"

"कापडात माझं पत्र होतं, त्यावर नंबर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां. एवढं ओझं डोक्यावर घेऊन गेलात, एखादी वस्तू राहायचीच. मालकांना काही बोललो नाही मी."

मी भिंतीला टेकलो. "पत्रात काय लिहिलं होतंत?"

"काही विशेष नाही. हिनं अक्षर चांगलं काढून दिलं, माझा हात आता थरथरतो. चूक माझ्या हातची, असं लिहिलं. आणि तपासणीचा दोष तोकुनागासानना देऊ नका, असंही. तारेचं मी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही बघून ठीक ठरवलीत, म्हणजे तार ठीकच असणार. तुम्ही बघितल्याशिवाय माल बाहेर जात नाही, हे त्यांना कळायला नको का? उगाच तुमच्यावर शिंतोडे नकोत."

रस्त्यापलीकडे एक बाई सायकल उभी करत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, दुसरा शब्द नाही.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"भेट झाली का त्यांची?"

"अजून व्हायची आहे," मी म्हणालो.

"मग बरं झालं. टेनोजी जवळच आहे ना तिथनं? पेटी घेऊनच जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, बरं दिसत नाही."

टेनोजी चार स्टेशनं होतं. जाऊन येऊन अर्धा तास. मिझोबाता बाई पाचपर्यंत असणार होत्या. वेळ होता, पण मी स्वतःला ओळखतो. चार स्टेशनांत मला चार कारणं सापडली असती, आणि परतीच्या गाडीत मी थेट साबाएला गेलो असतो.

मी मागे वळलो आणि दार ढकललं. स्वागताला बसलेल्या मुलीनं मान वर केली.

"काही विसरलात का साहेब?"

"हो," मी म्हणालो. "मिझोबाता बाईंना पुन्हा भेटायचंय. अहवालात एक नाव चुकलंय."

तिची नजर माझ्या हातांकडे गेली. दोन्ही रिकामे होते. तिनं फोन उचलला.