मापांची वही

मोनिकाचं एक वागणं दगडाबाईला मुळीच पटत नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं न गेलं, की सुनेचा हात झाडूकडं जायचा सोडून फोनकडं जायचा. कापड कापताना व्हिडिओ, बाही जोडताना व्हिडिओ. गिऱ्हाईक आरशाकडं पाठ करून मागचा गळा बघत असलं, तरी हिचा फोन खांद्यावरून डोकावतोय. लेकराला कडेवर घ्यावं तशी ती त्या फोनला घेऊन दुकानभर फिरायची.

"अगं, आपल्या धंद्याला सुई-दोरा लागतो," दगडाबाई म्हणायची. "काचेवर बोट फिरवून ब्लाउज शिवून निघतो व्हय?"

मोनिका हसायची, आणि सासूचं हे बोलणंही फोनमध्ये घ्यायची.

औरंगपुऱ्यातल्या बोळात, भांड्यांचं दुकान आणि मोबाइल दुरुस्तीची टपरी यांच्या मधल्या गाळ्यात दगडाबाईनं एकतीस वर्षं काढली होती. लासूर स्टेशनहून नवऱ्याच्या मागं शहरात आली तेव्हा शिक्षण तिसरी पास, आणि मशीन शेजारणीची. आता पाटीवर स्वतःचं नाव होतं, आत तीन मशिनी होत्या, कोपऱ्यात हुक लावायला वच्छलाबाई होती. मुलगा आकाश वाळूजला कंपनीत. सून बी.कॉम., आणि शिवणात हात चांगला. हे शेवटचं मात्र दगडाबाईनं अजून कुणाजवळ कबूल केलेलं नव्हतं. मोनिका व्हिडिओ टाकायला लागल्यापासून सिडको-गारखेड्याच्या पोरी रिक्षा करून यायला लागल्या, हेही नाही.

पण तिला खरा अभिमान होता तो वहीचा. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, तिच्या बैठकीच्या गादीखाली असायची. एका बाईला एक ओळ: नाव, मोबाइल नंबर, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, आणि शेवटी काही खास असलं तर ते. आकाशच्या पाटीवर त्याच्याबरोबर बसून तिनं अक्षर घोटलं होतं. वळणदार, टपोरं, लांबूनही वाचता येईल असं. आणि ती वही कुणाच्या हाती जात नसे. एकदा एका गिऱ्हाइकाची जाऊ हसत हसत विचारायला लागली, "मावशी, आमच्या थोरलीची कंबर किती भरली हो?" दगडाबाईनं कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "तिलाच इचारा की. घरातच हाय ना ती." त्या जाऊबाईनं पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी दुकान उघडून अर्धा तास झाला असेल. गीताबाई आली. शहागंजात तिचं बांगड्यांचं दुकान, दगडाबाईकडं येऊन वीस वर्षं झालेली. आज हातात पिशवी नव्हती.

"बसा की."

"बसायला नाय आले. परवापासून मला बाप्यांचे फोन यायलेत."

"कोन बाप्ये?"

"ठावं असतं तर चप्पल घेऊन तिकडंच गेले नसते का? काल रात्री एकानं माझं माप सांगितलं. छाती, कंबर, सगळं. नवरा समोर जेवायला बसलेला." गीताबाईनं आवाज खाली घेतला. "दगडाबाई, माझं माप माझ्या आईला ठावं नाय. ते तुमच्या वहीत हाय."

कोपऱ्यात वच्छलाबाईची सुई थांबली.

"एकतीस वर्षांत या वहीतला एक आकडा उंबऱ्याच्या भाईर गेला नाय," दगडाबाई म्हणाली. "माझ्याच दुकानात उभं राहून मला असलं बोलायचं नाय."

"आई," मोनिका म्हणाली. तिनं फोन कापडाच्या टेबलावर ठेवला. तोंडाचा रंग उतरला होता. "हे बघा."

गेल्या गुरुवारचा व्हिडिओ. जांभळ्या कापडावर खडूची रेघ, त्यावरून सरसर जाणारी कात्री. मग दगडाबाईचा हिरव्या बांगड्यांचा हात लाल वही उघडतो, पान उलटतो, आणि बोट एकेका ओळीवरून हळूहळू खाली येतं. मोनिकानं तिथंच चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी ताणलं. पान मोठं होत गेलं. गीताबाईचं नाव, तिचे दहा आकडे, त्यापुढं तिचं माप. वहीतच बघावं इतकं स्वच्छ.

"किती जणांनी बघितलं?" दगडाबाईनं विचारलं.

"एकसष्ट हजार."

शुक्रवारी हा आकडा नऊ हजार होता, तेव्हा दगडाबाईनं तो भांडेवाल्याला दोनदा ऐकवला होता.

तुला वही दाखवायला कुणी सांगितलं होतं, हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले. तिथंच अडकले. तिला गुरुवार आठवला. मोनिकानं मागितली होती फक्त कात्री आणि खडू. गादीखालून वही काढली होती ती दगडाबाईनं. "हे बी घे. म्हणावं, तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर बघा." मोनिका खूष झाली होती. "भारी दिसतंय, आई. पान अजून एकदा उलटा, जरा हळू." मग तिनं हळू उलटलं होतं.

मोनिकानं भराभर बोटं चालवली. "काढून टाकलं."

"आन ज्यांनी बघितलं त्यांचे डोळे बी काढनार का?" गीताबाई म्हणाली. तिनं फळीवरून आपले न शिवलेले दोन पीस स्वतःच शोधून घेतले आणि बोळात उतरली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, जाताना मागं वळूनही बघितलं नाही.

व्हिडिओ काढला होता, पण गेला नव्हता. मोनिकाला तो आणखी दोन ठिकाणी सापडला. कुणीतरी उचलून आपल्या पानावर टाकलेला, एकानं तर नंबरांभोवती लाल गोल केलेले, खाली हसण्याची रांग. दोन्हीकडं तिनं तक्रार केली, सायबर पोलिसांच्या साइटवरही माहिती भरली.

"कधी निघंल ते?" दगडाबाईनं विचारलं.

"सांगता येत नाही. आणि निघालं तरी कुणी आपल्या फोनमध्ये उतरवून घेतलं असेल तर..."

"टीप उसवली तरी सुईची भोकं कापडात ऱ्हातात, असंच ना?"

मोनिकानं मान हलवली.

"मग बस इथं. लाव एकेकीला फोन. बोलते मी."

त्या पानावर अकरा ओळी होत्या. गीताबाई येऊन गेली होती. नऊ जणींना फोन झाले. दगडाबाई प्रत्येकीला तेच सांगत होती: तुमचं नाव, नंबर न् माप लोकांत गेलंय, माझ्या दुकानातून गेलंय, अनोळखी फोन उचलू नका. एक हसली, म्हणाली, मावशी, निदान दोन इंच कमी तरी लिहायचे होते. एकीनं फोन कापला. एकीच्या नवऱ्यानं फोन हातात घेऊन जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि दगडाबाईनं, जिला बोळात कुणी अगं म्हणत नसे, ते सगळं ऐकून घेतलं.

राहिली चौथी ओळ. रूपा मॅडम.

रूपा मॅडम शाळेत गणित शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये त्यांची डावी छाती काढली. जखम भरल्यावर एका दुपारी त्या दुकानात आल्या. दगडाबाईनं वच्छलाबाईला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं, पडदा ओढला, माप घेतलं. मग जुन्या मलमलमध्ये कापूस भरून, तीनदा उसवून तिनं अशी कटोरी बसवली की खुद्द मॅडम आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या होत्या, "मावशी, शाळेत कुणाला माहीत नाही. लोकांनी आधी छातीकडं बघून मग तोंडाकडं बघितलेलं मला सोसणार नाही."

आणि वहीत चौथ्या ओळीच्या शेवटी, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: डावीकडं कापसाची कटोरी. वरून दिसू नये.

"आई," मोनिका हळू म्हणाली, "त्यांना नाही सांगितलं तर? त्यांचा काही फोन आलेला नाही. अकरा ओळींत तेवढंच कोण वाचतंय? उगाच आपणच जाऊन त्यांच्या जिवाला घोर लावायचा."

दगडाबाई मशीनवर बसली. पायडल मारलं, दोरा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. उजवी बाही डावीकडं जोडली गेली, ती उसवली. कुणाचाही फोन वाजला की तिची मान वर व्हायची. भांडेवाला बोळात उभा राहून फोन बघत गालात हसत होता. तो काय बघतोय हे जाऊन बघावं असं तिला दोनदा वाटलं. आपण नाही सांगितलं आणि मॅडमना हे एखाद्या बाप्याच्या तोंडून कळलं तर? शिक्षकांच्या खोलीत, चारजणांत? आणि सांगितलं तर त्यांनी उद्या शाळेत पाऊल कसं टाकायचं?

"बाई, परत दोरा तुटला बघा तुमचा," वच्छलाबाई म्हणाली.

"तू तुझे हुक बघ."

चारच्या सुमाराला, शाळा सुटायच्या वेळी, तिनं वही पिशवीत घातली. त्यावर कात्री ठेवली, ती तिची सवयच होती. "रिक्षा बोलव," ती मोनिकाला म्हणाली. "तू बी चल. फोनमधलं मला सांगता यायचं नाय."

समर्थनगरापर्यंतचा रस्ता संपता संपेना. सिग्नलला रिक्षा थांबली की शेजारच्या गाडीवरचा पोरगा फोन काढायचा, बसमधली बाई फोन काढायची, आणि दगडाबाईला वाटायचं, माझंच पान बघायलेत सगळे. तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. आता ती वही लपवून काही उपयोग नव्हता, तरी धरली.

मॅडम नुकत्याच घरी आल्या होत्या. शाळेची साडी अजून अंगावर होती. ब्लाउज दगडाबाईनंच शिवलेला, आणि वरून काही दिसत नव्हतं.

"मावशी? तुम्ही इथं?" त्यांनी खुर्ची पुढं केली. "दोन दिवस नुसते अनोळखी नंबर येतायत. मी उचललेच नाहीत. तुमचा होता का त्यात?"

"नाय. माझ्यामुळं आलेत पर." दगडाबाई उभीच राहिली. तिनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, गुरुवारपासून आतापर्यंत. मध्येच मॅडम खाली बसल्या.

"दाखवा मला."

मोनिकानं दुसऱ्याच्या पानावरचा तो व्हिडिओ लावून फोन पुढं केला. मॅडमनी स्वतःच चित्र थांबवलं, ताणलं, चौथी ओळ शोधली. पोरांचे पेपर तपासावेत तशी ती ओळ शेवटपर्यंत वाचली.

"वरून दिसू नये," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग फोन परत दिला. "अक्षर चांगलं आहे, मावशी."

दगडाबाईला आजवर कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं.

"हे पान उघडलं कुणी?" मॅडमनी विचारलं. त्यांची नजर मोनिकावर होती. मोनिकाची मान खाली. तिनं सासूकडं बघितलंही नाही.

"म्या," दगडाबाई म्हणाली. "वही बी म्याच काढली. पोरीनं मागितली नव्हती."

मॅडमनी हात पुढं केला.

"माझी ओळ मला परत द्या," मॅडम म्हणाल्या.

दगडाबाईनं वही काढली. त्या वहीचं पान तिनं कधी फाडलेलं नव्हतं. पिशवीतून कात्री घेतली, खडूची रेघ न मारता चौथ्या ओळीच्या वरून आणि खालून सरळ कापलं. बोटभर रुंद, मागून कोरी पट्टी निघाली. मॅडमनी ती घडी करून मुठीत धरली.

"पंधरा तारखेला शाळेचं स्नेहसंमेलन आहे. निळ्या साडीचा पीस तुमच्याकडं पडलाय."

"दोन दिवसांत शिवून घरी आणून देते."

"शिवू नका. तसाच आणून द्या."

"मॅडम, ती कटोरी दुसऱ्या कुणाला..."

"नाही जमणार. माहितीये मला." त्या उठल्या. "तरी तसाच आणून द्या. त्या दिवशी जायचं की नाही ते मी ठरवते."

दार त्यांनी आवाज न करता लावलं.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मोनिका थांबली. डोळे भरले होते. "आई, मी ते अकाउंटच बंद करून टाकते. फोन नको की व्हिडिओ नको. तुम्ही पहिल्यापासून म्हणत होता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि वर तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत."

दगडाबाई कठड्याला धरून एक पायरी खाली उतरली होती. ती वळली. खालच्या मजल्यावरचं दार उघडं होतं, आतली बाई कान देऊन होती, तरी तिनं आवाज बारीक केला नाही.

"घेतलं नाय. माझं व्हतं तेवढं मी सांगितलं. तुझं मॅडमपुढं काढलं नाय, कारन ते घरातलं हाय. आता ऐक. अकाउंट बंद करून सुटायचं नाय. त्या दोन ठिकानचं निघेस्तोवर रोज माझ्यासमोर बसून तक्रार टाकायची, आन मॅडमचा पीस तूच नेऊन द्यायचा. मला त्या फोनात काय दिसतं, कुठवर जातं, हे कळत नाय, म्हणून मी पान उघडलं. तुला सगळं कळत व्हतं. तू 'आई, मिटा' म्हणाली नाय. तू म्हणालीस, 'अजून एकदा उलटा, हळू.' मी अडाणीपनानं चुकले, मोनिका. तू शिकून चुकलीस. तुझी चूक मोठी."