सम मजला आला तर राहायचं

सात मजली इमारतीतल्या त्या लिफ्टमनला लेक रोज विचारायची, “बाबा, आज कुठे गेलात?”

“वर गेलो, खाली आलो, बाळा.”

अकरा वर्षं तेच स्टूल, तेच जाळीचं दार!

आज मात्र जीव टांगणीला लागला होता. लिफ्ट दुरुस्त करायला आलेले मिस्त्री सकाळी म्हणाले होते, “नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखलास! आमच्याकडे काम शिकायला ये. वर गच्चीत मशीनजवळ आहे मी. पाचला निघतोय, तोवर सांग.”

लिफ्टमननं नेहमीचा उपाय काढला. घंटी विषम मजल्यावरून आली तर जायचं, सम मजल्यावरून आली तर राहायचं. घर बदलायचं का, भावाबरोबर दुकान टाकायचं का, सगळं त्यानं असंच ठरवलं होतं.

पाचव्या मजल्याचा दिवा लागला. विषम! म्हणजे जायचं.

“तीनदा बघू,” पाचव्या मजल्यावर दार उघडताना तो पुटपुटला.

घंटी सफाईवाल्या मावशींनी दिली होती. बादलीसकट आत शिरत त्या म्हणाल्या, “कसलं रे तीनदा?”

खाली येता येता त्यानं सांगितलं. मावशी खो खो हसल्या. “बायकोही अशीच ठरवलीस का?”

“छे हो. तिनंच ठरवलं, म्हणून झालं.”

“वाचलास!” मग मावशींचा आवाज उतरला. “दुकानाच्या वेळीही बघितलंय मी. ‘जा’ आलं की तू पुन्हा मोजतोस. ‘राहा’ आलं की लगेच म्हणतोस, नशीबच तसं. अरे, नशीब कसलं? भीती आहे ती तुझी!”

“पण जमलं नाही तर?”

“तर परत येशील. पण इथे बसून कुढतोयस ते कुणाच्या नावानं? दिव्याच्या?”

लिफ्ट तळमजल्यावर टेकली आणि चारचा दिवा लागला. सम. म्हणजे राहायचं. एरवी मोजणं तिथेच थांबवून तो हुश्श करायचा. आज भिंती अंगावर आल्या. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती.

“मावशी, चारचं बटण तुम्हीच दाबा!”

“आणि तू?”

“चौथ्यावर थांबायला वेळ नाही मला!”

तो जिन्याकडे धावला. सात मजले चढून धापा टाकत मिस्त्रींसमोर उभा राहिला. “येतो मी. शिकवा.”

वाचकहो, दिवा कुठलाही लागो, त्यानंतरचे दिवस आपल्यालाच काढायचे असतात. मग ते ठरवायचेही आपणच! चुकलो तरी ती चूक आपली असते, आणि आपली चूक आपल्याला सुधारता येते.

त्या संध्याकाळी लेकीनं विचारलं, “बाबा, आज कुठे गेलात?”

“आज?” तिला उचलून घेत तो म्हणाला, “आज बाहेर पडलो, बाळा!”