सुट्टीवर आलेले तात्या

मार्गशीर्षातल्या सकाळी निरवांगीच्या उसावर धुकं उतरलं, की माझ्या कानात अजूनही लोखंडी ट्रंकेची कडी वाजते. उघडताना वाजली की माझे वडील, तात्या, फौजेतून सुट्टीवर आलेले असत. लावताना वाजली की निघालेले. उन्हानं रापलेला, ताठ कण्याचा, खर्जातल्या आवाजाचा तो माणूस अंगणात उभा राहिला की आम्ही भावंडं आईच्या पदराआड दडायचो, आणि भीड चेपून त्यांच्या खांद्यावर चढेपर्यंत त्यांची जायची वेळ झालेली असायची.

निघताना आई त्यांच्या तळहातावर दही घालायची आणि उंबऱ्यातच थांबायची. एसटी फाट्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तिच्या डोळ्यांत टिपूस नसे. मग मात्र चुलीच्या धुराचं निमित्त करून ती मनसोक्त रडायची. दागिने, जमीनजुमला यांपैकी काहीच तिला नको होतं. नवरा घरात राहावा, एवढंच हवं होतं.

तात्या फौजेतून मोकळे झाले आणि लोणी देवकरच्या कारखान्यात लागले. लेकरांची शिक्षणं व्हायची होती, तात्यांना तरी काय म्हणणार? शिफ्टच्या चाकाला बांधलेला तो माणूस आम्ही जागे असताना झोपलेला असे, आणि आम्ही त्याच्या झोपेभोवती चोरपावलांनी वावरत असू. आठवड्याच्या सुट्टीला मात्र माझी वेणी तेच घालायचे, इतकी घट्ट, की भुवया वर चढायच्या. तेवढी माया मला आठवडाभर पुरायची.

"आधी फौजंनं नेलं, आता कंपनीनं. मला कवा मिळायचा माणूस?" आई म्हणायची.

"रिटायर झालो की तुझाच हाय," तात्या हसून म्हणत. थट्टा नव्हती ती. त्यांनी खरोखरच शब्द दिला होता.

तो दिवस उगवला. शरदातल्या निवळलेल्या उन्हात दोघं ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसत, आणि आई उगाचच ठेवणीतलं लुगडं नेसून हिंडायची. मला तिचा हेवा वाटायचा. पण ते ऊन फार टिकलं नाही. तात्या आधी शब्द विसरले, मग वार, मग वर्षं. आणि एका सकाळी कपडे घडी करून दारात उभे राहिले. म्हणाले, सुट्टी संपली.

मग रोजच ते. आम्ही फाटकाला कुलूप घालायचो, समजूत काढायचो, चिडायचो. जन्मात कुणापुढं हात न पसरलेला तो माणूस जाऊ द्या म्हणून गयावया करायचा. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, यात सुधारणा नाही. शेवटी आईनंच कुलूप काढलं. त्यांच्या तळहातावर दही घातलं आणि त्यांना जाऊ दिलं. फाट्यावरच्या लिंबाखाली ते घटकाभर बसले, कुठं जायचं तेच विसरून परत फिरले. आई दारात होतीच.

"आला का? लई लांबनं आला, बसा," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

तेव्हापासून ती त्यांना रोज पाठवायची आणि रोज आत घ्यायची. आम्हाला बघवत नसे. पण परतलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर घरी पोचल्याचं जे निवांत हसू यायचं, त्यासाठी ती पुन्हा दही विरजायची.

पौषात ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी आई भरवत असताना तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघत राहिले आणि अजिजीनं म्हणाले, "बाई, मला सोडा आता. घरी बायको वाट बघत असंल."

आईनं हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांचं तोंड पुसत ती म्हणाली, "जावा. ती हाय घरीच."

ते गेले त्याला आता बरेच दिवस झाले. आईचा अवघा जन्म त्यांच्या नसण्यात गेला, पण त्या प्रत्येक नसण्याच्या पोटात एक येणं होतं, आणि त्या येण्याच्या आशेवर तिनं काळ ढकलला होता. आता ती कुणाची वाट बघत नाही. आणि वाट न बघता दिवस मावळेपर्यंत कसं बसायचं, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही.