टेकाडावरची रेंज

सांगलीच्या ऑफिसात बसून संयोगिता आटपाडीकडचे टॉवर सांभाळायची. वर चढायची गरजच नाही. कुठला अँटेना कुणीकडं झुकवायचा, किती ताकद सोडायची, सगळं कॉम्प्युटरवरून. महिन्यापूर्वी तिनं एक अँटेना नव्या हायवेकडं झुकवला. साहेबांनी पाठ थोपटली, आणि बाई चार दिवस हवेत होत्या.

शुक्रवारी आटपाडीच्या स्टँडवरून सुलाबाईचा फोन आला. सुलाबाई म्हणजे साळूआत्याची शेजारीण.

“संयोगिता, तुज्या आत्याचा पाय मुरगाळलाय. टेकाडावर चढताना पडली.”

“टेकाडावर कशाला गेली?”

“रेंजला गं! म्हैना झाला, वस्तीवर फोन लागत न्हाई. सगळीच वर जात्यात. तुला सांगू नगं म्हणली, पोरीला घोर नगं. पर रविवारी चारला तिच्या लेकाचा, शिवतेजचा मिल्ट्रीतनं फोन येनार. मंग त्यो बर्फात ड्युटीला, तीन म्हैनं आवाज न्हाई.”

महिना, म्हणजे संयोगितानं अँटेना हायवेकडं झुकवला तेव्हापासून. आईमागं आत्यानंच तिला वाढवलं होतं, शिवतेजच्या ताटात जेवू घालून. महिन्यात दोनदा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकलं, तेव्हा आत्या रानात असेल म्हणून ही स्वस्थ बसली होती. लाज वाटली तिला.

“आत्याला सांग, रविवारी घरातच फोन चालू ठेव. मी बघते.”

शब्द तर देऊन बसली. आता परवानगी हवी.

भरतेश साहेबांनी स्क्रीन पाहिला. “हायवेवर सगळं झकास आहे. वस्तीवरून एकही तक्रार नाही.”

“तक्रार करायला पण रेंज लागते, सर.”

साहेबांनी त्या बदलाची तारीख उघडून पाहिली.

“बदल मीच केला होता, वस्ती न बघता. चूक माझी. तसं लिहून देते.”

शनिवारी दुपारी मंजुरी आली. तिनं अँटेना थोडा वर उचलला, म्हणजे हायवेबरोबर वस्तीही टप्प्यात येईल. आत्याला लगेच फोन लावून पाहिला, पण रेंजच नसल्यानं बॅटरी वाचवायला वस्तीवरचे फोन आताशा बंदच असायचे. रेंज घरात पोचली की नाही, कळायला मार्ग नव्हता.

रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी तिनं नंबर लावला.

“आपण फोन केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.”

एरवी हे ऐकून ती वैतागायची. आज डोळे भरून आले. दहा मिनिटांनी परत लावला, तेच. अर्ध्या तासानं, तेच.

“बोल आत्या, पोटभर बोल,” ती त्या रेकॉर्डवरच्या बाईलाच म्हणाली.